उरलेली रॅटाटुई

मैत्रिणींनो, आज दुपारी वेल्ह्याला सासरी मी रॅटाटुई, म्हणजे फ्रेंच मिश्र भाजी, केली. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, भरपूर लसूण. झुकिनी मिळाली नाही, म्हणून भोरच्या बाजारातून कोवळा दुधी आणला. लग्नाआधी पुण्यात माझ्या खोलीवर नवरा ही भाजी पातेलं पुसून खायचा, म्हणून एवढा खटाटोप.

जेवायला दीर, जावा, सगळे होते. सासूबाईंनी एक घास घेतला.

"ह्ये काय गं? आजाऱ्याला घालायचं हाय व्हय?"

सगळे हसले. मी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सांगा ना, तुम्हाला आवडते ते."

"मला? मी कवा खाल्लं असलं?" त्याने वाटी बाजूला सरकवली आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

जेवणं उरकून सगळे पांगल्यावर तो स्वयंपाकघरात आला. हळूच म्हणाला, "थोडी उरलीय का गं?"

निम्मं पातेलं उरलं होतं. ते उचलून मी त्याच्यादेखत म्हशीच्या घमेल्यात उपडं केलं. त्याचा चेहरा पडला आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

अजूनही वाटतंय. हे चांगलं नाही, कळतं मला. तुम्हाला कधी वाटलंय असं?