सीतादहीचा कापूस

माह्या सासरी, भातकुलीकडच्या गावात, विहिरीचं पानी खारं. भितीले पांढरा खार सुटे. विळा, पावशी, कुऱ्हाड, काहीबी दोन पावसाळे धड टिकत नसे, गंजून जाय. घरात न गंजेल लोखंड एकच, सासऱ्याची ठासनीची बंदूक. वावरात हरनं येत, रानडुकरं येत, म्हून तिचा परवाना होता. दारू तोंडातून भराची, वरून छर्रे, वरून चिंधी, गजानं ठासाची, मंग घोडा ओढाचा. काम झालं का मामाजी, म्हंजे माहे सासरे, तिले पुसत, करडीचं तेल लावत आन् तिच्या तोंडात कापसाचा बोळा खोल बसवत. दमट हवा आत जाऊ नाही म्हून.

कापूसबी कोनताही नाही चाले. आमच्याकडे कापूस वेचाले पह्यल्यांदा वावरात गेलं का बाया दही-भात शिंपडतात, त्याले सीतादही म्हनतात. त्या दिवशीचा पह्यला कापूस घरी आनून देवापाशी ठेवतात. मामाजी त्यातलाच घेत, तेलात बुडवत. म्हनत, "देवाचा हाये. बंदूकबी सांभाळते, चालवनाऱ्यालेबी सांभाळते."

सासू माह्या लग्नाआधीच गेली होती. घरात तिघंच. मामाजी, आमच्या घरचे म्हंजे माहे मालक, आन् मी.

एका वर्षी अमरावतीचा साहेब आमच्या शिवारात शिकारीले आला. आमच्या घरच्याईले हाकाऱ्यात घेतलं, म्हंजे झाडाझुडपातून जनावर उठवाले. साहेबाचे दोन बार फुकट गेले. मंग एक तितर उडाला आन् यायनं खांद्यावरची मामाजीची बंदूक उचलली, पाह्यलं न पाह्यलं, तितर खाली. साहेब रागावन असं साऱ्याईले वाटलं. थो हासला आन् म्हने, "तू अमरावतीले ये."

तठी साहेब लोकाईचा एक खेळ होता. हे त्याले इस्कीट म्हनत. एकदा अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाले गेलो तवा यायनं मले दुरून दाखवला, बाभळीच्या आडून. अर्ध्या चंद्रासारखी जागा आखेल. दोन्ही टोकाले दोन खोपटं, एक उंच, एक बुटकं. मानूस एकेका जागी उभा राहे, बंदूक कमरेपाशी. त्यानं हाक मारली का खोपटातून मातीची थाळी सुटे, बशीएवढी. थे दिसली मंगच बंदूक खांद्याले न्याची. आधी नाही. यायचा बार झाला का थाळीची आभाळातच काळी भुकटी होय. मले पाखरू मरताना पाहवत नाही, पन थे भुकटी पाहाले बरं वाटे. कोनाचा जीव जात नव्हता.

मामाजीले थो खेळ पटत नसे.

"काय मारलं आज?" हे घरी आले का मामाजी इचारत.

"मातीच्या थाळ्या, बा."

"मंग? त्याचं कोरड्यास करता का भाजून खाता?"

"खात नाही. कोनं किती फोडल्या थे पाहतात."

"म्हंजे थे विलायतेत घडवाची, जहाजानं आनाची, आन् तुमी फोडाची. साहेबाच्या घरी बाया नाहीत का भांडे फोडाले?"

मी चुलीपाशी पदर तोंडाले लावून हासत होती. मामाजी माह्याकडे पाहून म्हनत, "हास, हास. तुह्या घरचे उद्या तुही परात फोडतीन."

पन मामाजीच्या मनात काय होतं थे मले दिसे. चावडीवर गेले का म्हनत, "आमचं पोट्टं साहेबाच्या बरोबरीनं उभं राहते बे."

मंग साहेब यायले म्हने, पुढच्या उन्हाळ्यात समुद्रापलीकडे सामने हायेत, देशोदेशीचे बंदूकवाले येतात, तुले नेतो. फकत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरचे मोठे साहेब तुहा नेम पाहाले येतीन. त्याईच्या मनाले आलं का झालं.

हे थ्या दिवसापासून येगळेच झाले. वावरातून आले का आंगनात मुसळ कमरेपाशी धरून उभे राहत आन् मले म्हनत, "फेक." मी ओट्यावरून गोवरीचे तुकडे फेकत होती. हे मुसळ उचलत आन् तोंडानं म्हनत, "ठो!"

"नाही लागला," मी म्हनत होती.

"लागला."

"गोवरी तर तशीच पडली खाली."

"मुसळ हाये थे. विलायतेत फुटन."

एक दिवस मी इचारलं, "तिकडं गेलेला मानूस वापस येते ना?" हे म्हने, "तुह्या हातची आंबाडीची भाजी तठी कोन देते मले? यीनच ना." येवढंच. पन माह्या जीवातली धडधड गेली.

दसऱ्याले आपन हत्यारं पुजतो. यायनं साहेबाले इचारलं, ज्या बंदुकीनं मी खेळतो थे एक दिवस घरी पूजेले नेऊ का? साहेबाले मजा वाटली, त्यानं नेऊ देल्ली. थे बंदूक दुनळी. मधातून मोडाची आन् काडतुसं मागून घालाची. संध्याकाळी यायनं पुसली, मोडली आन् मले म्हने, "इकडून पाह्य." मी नळीले डोळा लावला. पल्याड दिव्याची ज्योत दिसली, गोल, स्वच्छ. मंग दोन्ही बंदुका देवापाशी ठेवल्या, हळद-कुंकू वाह्यलं, झेंडूची माळ घातली. हे सोनं वाटाले गावात गेले. मी चुलीपाशी पुऱ्या तळत होती.

सकाळी रेंगी जुपली. मामाजी फाटकापाशी आले, यायच्या पाठीवर हात ठेवला. कधी ठेवत नसत.

"जाय," म्हने. "काही फिकर करू नको. मी सारा बंदोबस्त केला हाये."

यायले वाटलं, देवाले नवस बोलले असतीन.

दुपारी गाडीवान रिकामी रेंगी घेऊन आला आन् आंगनात उभाच राह्यला. मी म्हनलं, "बोल ना, बावा." थो म्हने, "भौजी, बंदूक फुटली. दवाखान्यात नेलं. जीव हाये."

अमरावतीच्या दवाखान्यात मी गेली तवा यायचा डावा हात मनगटापासून पांढऱ्या पट्ट्यात होता. आंगठा आन् एक बोट राह्यलं होतं. पट्टीवरूनबी थे कळे. मामाजी मांगून येत होते, जिन्यात त्याईले दम लागला होता. हे मले जवळ बोलावून हळूच म्हने, "माहा सदरा कुठी हाये?"

खाटेखाली होता. बाहीले अर्धवट जळेल कापूस चिकटला होता, सरकीसकट. करडीच्या तेलाचा वास.

थो कापूस मी वळखला.

"बाच्या बंदुकीत दारू तोंडातूनच घाला लागते," हे म्हने. "बोळा काढल्याबिगर भरताच येत नाही. त्याले कसं कळन का साहेबाच्या बंदुकीत मागून घालतात."

"तुमी पाह्यलं नाही का नळीत? रोज तर पाहता."

"सांजेले पाह्यलं होतं ना. साहेब लोकं उभे होते, माहं नाव पुकारलं." मंग म्हने, "बा ले सांगाचं नाही. थो मरून जाईन."

तेवढ्यात मामाजी आले. हाताकडे पाह्यलं, तोंडाकडे पाह्यलं.

"काहून रे? काय झालं?"

"काडतूस खराब होतं, बा."

मामाजी साहेबाले शिव्या द्याले लागले, त्याच्या काडतुसाले, त्याच्या जहाजाले. दवाखान्यातली नर्स बाई ओरडली तवा थांबले. मी सदरा पदराखाली घेतला आन् नळावर जाऊन धुतला. कापूस हातानं सोडवला. रक्त निंघालं, तेलाचा डाग निंघाला नाही.

साहेब एकदा येऊन गेला. टोपी हातात घेऊन उभा राह्यला, मुंडी हालवली. नंतर आमी त्याले पाह्यलं नाही. उन्हाळ्यात कोन गेलं समुद्रापलीकडे, का कोनीच गेलं नाही, आमाले कोनी सांगतलं नाही, आन् आमीबी इचारलं नाही.

आंगनात मुसळ तसंच उभं राहे. त्यानं मी कांडत होती. हे तिकडे पाहत नसत. वखराची मूठ एका हातानं दाबता येत नाही, म्हून वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं देल्लं. हे वावराच्या मेरेवर बसून राहत. हरनांचा कळप पिकात घुसला तरी दगड मारून हाकलत. मामाजी बंदूक खुंटीवरून काढतच नसत. मी म्हनलं, "मामाजी, तूर खाऊन राह्यले ना." त्यायनं माह्याकडे पाह्यलं नाही. "आता नेम लागत नाही माय," म्हने.

बाप-लेक रोज एका ताटाशी जेवत. पानी, हवा, बैलाचं दुखनं, सारं बोलत. त्या दिवसाचं नाही. कोनी पाव्हना यायचा हात पाहून इचारे, तवा हे म्हनत, "काडतूस खराब होतं." मामाजी खाली मान घालून भाकर मोडत.

असे कितीक वर्सं गेले. मंग एका हिवाळ्यात मामाजी गेले.

परवाना त्याईच्या नावाचा, म्हून ठान्यातून सांगावा आला का बंदूक आनून जमा करा. खुंटी उंच होती, यायले एका हातानं काढता येईना. मी पाटावर चढली आन् काढली. माहे दोन्ही हात लाल झाले. गंजच गंज. मी तिच्या तोंडावरून आंगठा फिरवला. आत बोळा नव्हता. जुनाबी नव्हता. आत कोळ्यानं जाळं केलं होतं आन् नळीतून गंज मातीसारखा सांडला.

मंग मले उमगलं. थ्या दसऱ्यापासून दर वर्सी सीतादहीचा कापूस देवापाशी येई आन् वर्सभर तसाच्या तसा राहे, मीच झाडून काढत होती. चिमटीबी कोनी तोडली नव्हती.

"आवं, पाह्यता का," मी म्हनलं.

यायनं बंदूक मांडीवर घेतली. उजव्या हाताचं बोट आत घातलं, फिरवलं, काढलं, बोटाकडे पाह्यलं.

"बा ले माहीत होतं," हे म्हने. "पह्यल्या दिवसापासून माहीत होतं त्याले."

मी पह्यल्यांदा यायले रडताना पाह्यलं. हात गेला तवा नाही, बाप गेला तवा नाही. आंगनात बसून, गंजेल बंदूक मांडीवर घेऊन, "बा, बोलाचं होतं ना बे," म्हनत होते. मी जवळ बसली.

दिवस कलला तवा उठले, तोंड धुतलं. म्हने, "तेल आन. आन् देवापासचा कापूस आन."

मी आनला. मी बंदूक धरली, यायनं चिंधीनं पुसली, जेवढी निंघाली तेवढी. मंग कापूस तेलात बुडवून अर्ध्या हातानं धरला आन् दुसऱ्यानं आत ढकलला, खोल, मामाजी बसवत तसा.

ठान्यातल्या शिपायानं थो पाह्यला.

"जमा कराच्या बंदुकीले कापूस कायले घातला, भाऊ? इथं कोन चालवते तिले?"

"आमच्या घरची रीत हाये," हे म्हने, आन् कागदावर आंगठा द्याले डावा हात पुढं केला. शिपाई हाताकडे पाहतच राह्यला.

"हे काय झालं?"

यायनं आंगठा शाईवर दाबला.

"काडतूस खराब होतं," म्हने.