पूर्ण ताकदीचं रीडिंग

याकोब साळवे गेल्याची बातमी मला संगमनेरच्या कचेरीत आमच्या शिपायाकडून कळली. टपाल टेबलावर ठेवता ठेवता तो म्हणाला, "ते वायरलेसवाले साळवे हुते न्हाई का, नगरचे... वारले म्हनं परवा. काविळीनं." शेजारच्या कारकुनाने विचारलं, "तुमच्या ओळखीचे होते का?" मी म्हणालो, "होते. थोडे दिवस एकत्र काम केलं होतं." थोडे दिवस म्हणजे चार वर्षं. एका खोलीत, एका स्टोव्हवर, आणि पावसाळ्यात एकाच कोरड्या घोंगडीवर.

धरणावरच्या आमच्या बिनतारी केंद्रात मी संदेश पाठवायचो आणि याकोब यंत्र सांभाळायचा. त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांच्याकडून त्याने सुंदर अक्षर घेतलं होतं आणि चुकीला चूक म्हणायची खोड. 'ठीक आहे' या शब्दाचा त्याला राग होता. "ठीक म्हणजे किती? आकडा सांग," म्हणायचा. यंत्रातून निघालेली ताकद केबलमधून वर तारेत जाते. कुठे खोट असली की त्यातली काही उलट परत येते, आणि ती किती परत येते ते एसडब्ल्यूआर मीटरचा काटा सांगतो. एकाच्या जवळ असला तर उत्तम, तीनच्या पुढे गेला तर यंत्राच्या जिवावर बेततं. एवढं मला त्याच्यामुळेच कळलं.

दुष्काळाच्या आधीचा तो पावसाळा. केबलचा वरचा सांधा भिजून काळा पडला होता. याकोबने कमी ताकदीवर यंत्र लावलं, काटा सव्वावर. मी म्हणालो, "झालं की. चांगलं आहे." त्याने मान हलवली, ताकद पूर्ण केली आणि घड्याळ बघत बसला. दोन मिनिटांत काटा हलला, दोनवर आला, तीन ओलांडून गेला, आणि त्याने झटकन बटण बंद केलं. "अरे पवार, रिकाम्या गाडीखाली मोडका आखसुद्धा टिकतो. पोती भरली की कळतं. कमी ताकदीला हा सांधा गप्प राहतो, आणि जे थोडं परत येतं ते मीटरलाही धड कळत नाही. खरं रीडिंग पूर्ण ताकदीचं." त्याने दोन्ही आकडे नोंदवहीत लिहिले आणि खाली लिहिलं : केबल बदलल्याशिवाय पूर्ण ताकद वापरू नये.

दुसऱ्या आठवड्यात आमचे साहेब तपासणीला आले. वरून कोणी मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांना केंद्र निर्दोष दाखवायचं होतं. नोंद वाचून ते तांबडे झाले. "कमी ताकदीला सव्वा येतंय ना? मग तेवढंच लिहा."

"साहेब, दुसरा आकडा खरा आहे."

"साळवे, तुम्ही यंत्र सांभाळा. खरं-खोटं आम्ही बघू."

याकोबने पेन उचललं नाही. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं... नवीन पान मी लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. सव्वा. समाधानकारक. जुनं पान साहेबांनी फाडून, घडी करून खिशात घातलं. याकोबने त्या दिवशी माझ्याशी भांडण केलं नाही. नवीन केबलसाठी मात्र त्याने साहेबांना तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

श्रावणात दोन दिवस धो धो कोसळलं. सकाळी धरणाचे दरवाजे उघडायचं ठरलं, खालच्या गावांना संगमनेरमार्फत कळवायचं होतं, आणि टेलिफोनची तार रात्रीच पडली होती. हवेत इतकी खरखर होती की कमी ताकदीचा आवाज संगमनेरला पोचेना. साहेब धरणावरच होते. म्हणाले, "पूर्ण ताकद लावा." याकोब म्हणाला, "लावतो, पण दोन मिनिटांच्या वर टिकणार नाही. पवार, फक्त गावांची नावं आणि वेळ सांग." मी तिसऱ्या गावाच्या नावापर्यंत आलो असेन, वेळ सांगायची राहिलीच होती. काटा उजवीकडे गेला, जळका वास आला आणि यंत्र मुकं झालं.

चौकीदाराची सायकल काढून याकोब चिखलातून खाली गेला. दोन गावांना त्याने ओरडून ओरडून वर काढलं. तिसऱ्या गावात पोचला तेव्हा पाणी आलेलं होतं. किसन नावाचा तरणा माणूस पाण्याचं इंजिन काढायला नदीत उतरला होता, तो वाहून गेला. त्याचा भाऊ याकोबला म्हणाला, "लई पळत आला तुमी, मास्तर. अर्धा तास आदी आला असता तर..." संध्याकाळी परतल्यावर हे एकच वाक्य त्याने मला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

चौकशीत साहेबांनी वही पुढे केली. रीडिंग सव्वा, म्हणजे तारेत दोष नव्हता. मग यंत्र जळलं ते साळव्यांच्या हलगर्जीपणामुळे. चौकशी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "ही नोंद तुमचीच?" याकोब समोर बसला होता. मला तेव्हा दोन लहान मुलं होती, बायकोचे दिवस भरत आले होते... कारणं माझ्याकडे आजही आहेत. मी म्हणालो, "हो, माझीच." त्यापुढे एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. याकोबने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी उचलली.

त्याची नोकरी गेली. साहेब मानाने निवृत्त झाले, हार-तुरे झाले, आभाराचं भाषण मी केलं. याकोबने नगरला रेडिओ दुरुस्तीचं एवढंसं दुकान टाकलं. मी कित्येकदा कामासाठी नगरला गेलो आणि दर वेळी लांबच्या रस्त्याने स्टँड गाठलं.

गेल्या रविवारी मात्र गेलो. त्याच्या पत्नी सुशीलाबाई दुकान आवरत होत्या. मी नाव सांगितलं, नोंदवहीचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "मला ठाऊक आहे. त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. म्हणायचे, पवार स्वतः येऊन बोलेल."

फळीवर लोकांनी न नेलेले पाच-सहा रेडिओ होते. त्यातला एक माझा. वर्षापूर्वी मेहुण्याच्या हाती, माझं नाव न सांगता पाठवला होता. पुन्हा आणायला मेहुणा गेला तेव्हा "अजून व्हायचाय" म्हणून याकोबने त्याला परत पाठवलं होतं. आत पट्टीवर मी कधीतरी माझं नाव कोरलं होतं, ते मी विसरलो होतो. रेडिओला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती, तेच सुंदर अक्षर : चालू आहे. मालकाने स्वतः येऊन न्यावा.

सुशीलाबाईंनी तो फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"न्या आता," त्या म्हणाल्या. "वाट बघणारं कोणी राहिलं नाही."