नव्या फोनला जुनं कव्हर

माझा मामा फोनची कव्हरं बनवतो. गेली सोळा वर्षं बनवतो. त्याआधी तो टेबलावरचे टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून टेलिफोनचे प्लास्टिकचे सांगाडे यायचे, त्यातले वाकडे उचलून बाजूला टाकायचे, एवढंच काम. तिथे त्याच्या हातात व्हर्निअर आलं. म्हणजे ती पोलादी मोजपट्टी, जिच्या दोन जबड्यांत धरून कागदाचीही जाडी सांगता येते. कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले, मामाने साहेबांकडून ते व्हर्निअर तेवढं मागून घेतलं. फोनच्या बाजारात त्याला अजून ‘व्हर्निअर’ म्हणूनच ओळखतात. मामीला हे नाव आवडत नाही. ती म्हणते, माणसाला माणसाचं नाव असावं, हत्याराचं नको.

आमचे आजोबा शिंपी होते. त्यामुळे मामा कधीकधी म्हणतो, मी घरचं काम सोडलेलं नाही, फक्त गिऱ्हाईक बदललंय.

त्याच्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत चार मशीन. साच्यात गरम प्लास्टिक भरायचं, थंड झालं की कव्हर सोडवायचं, कडेला राहिलेलं जादा प्लास्टिक पात्याने काढायचं. पुढच्या खोलीत मी बसते. पाकिटं भरणं, त्यांवर मॉडेलचं लेबल लावणं, दुकानदारांचे फोन घेणं ही माझी कामं. खोलीत कायम नव्या रबरी चपलेसारखा वास असतो. घरी गेल्यावर माझ्या ओढणीलाही येतो.

आमचं वर्ष एका दिवसाभोवती फिरायचं. आम्ही ज्या कंपनीच्या फोनची कव्हरं करतो, तिचा दरवर्षीचा नवा फोन दुकानात यायचा तो दिवस. मामा सकाळीच जाऊन उभा राहायचा, फोन आणायचा आणि मोजायचा. लोक फोनमध्ये काय काय आलंय ते बघायचे, मामा भोकं बघायचा. कॅमेऱ्याचं भोक कुठे सरकलं, बटण डावीकडून उजवीकडे गेलं का, कोपरे किती गोल झाले. एका वर्षी कानात घालायच्या वायरीचं भोकच नाहीसं झालं. मामा फोन उलटासुलटा करत ते शोधत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बनवणारे विसरले वाटतं.” एका वर्षी कॅमेरे एकाचे तीन झाले. दरवेळी नवा साचा लागायचा आणि जुनी कव्हरं पोत्यात जायची. मामा वैतागायचा, बडबडायचा, दोन दिवस नीट जेवायचा नाही. पण मनातून खूश असायचा. फोन बदलला म्हणजे त्याला नवे कपडे शिवायला हवेत.

मोजून झाल्यावर फोन मामीच्या हातात जायचा आणि मामीचा जुना तिच्या बहिणीकडे. हेही ठरलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मामा नेहमीसारखा फोन घेऊन आला. टेबलावर फडकं अंथरलं, चष्मा पुसला, मोजायला बसला. मी समोर वही घेऊन आकडे लिहीत होते. लांबी, रुंदी, जाडी, कॅमेऱ्याच्या चौकोनाची उंची. सहा आकडे झाल्यावर तो थांबला.

“मागच्या वर्षीचं पान काढ,” तो म्हणाला.

मी पान उलटलं. सहाच्या सहा आकडे तेच होते. अगदी शेवटच्या टिंबापर्यंत.

मामाने व्हर्निअर फुंकलं, शून्यावर लावून बघितलं, पुन्हा मोजलं. तेच. मग त्याने पोत्यातून मागच्या वर्षीचं एक कव्हर काढलं आणि फोनवर दाबलं. चारही कोपरे टक्कन बसले. बटणं बटणांवर, भोकं भोकांवर.

त्याने कव्हर काढून फोन परत खोक्यात घातला. मग म्हणाला, “फसवलं आपल्याला. नव्या खोक्यात जुना घातलाय.”

तसाच उठला आणि दुकानात गेला. मीही मागोमाग गेले, कारण तो रागावला की समोरच्याचं ऐकत नाही. दुकानदार आमचाच माणूस, वर्षानुवर्षं आमची कव्हरं ठेवणारा. त्याने खोकं बघितलं, फोन चालू करून आतलं नाव दाखवलं.

“व्हर्निअरशेठ, नवाच आहे हा.”

“मग नवीन काय आहे यात?”

“आतून बदललाय.”

“आतून म्हणजे काय?”

“वेगवान झालाय.”

“जुना हळू होता का?”

दुकानदाराने जरा विचार केला. “नाही, तसा हळू नव्हता,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांगू का, मलाही फारसं कळलेलं नाही. त्यांनी आम्हाला दिवसभर बसवून शिकवलं. फोटो जास्त चांगले येतात म्हणाले. मी दोन्हींनी माझ्या मुलीचा फोटो काढला. मुलगी दोन्हीत सारखीच दिसते.”



खरी पंचाईत पुढे होती. साचा बनवणारा त्याचा जुना मित्र आहे, त्याच कारखान्यातला. आम्ही त्याला साचेकाका म्हणतो. दरवर्षी मामाच्या कामासाठी तो पोलादाचा ठोकळा आधीच आणून, घासून तयार ठेवतो. संध्याकाळी तो मापं न्यायला आला. मामाने त्याच्यासमोर नवा फोन ठेवला आणि जुनं कव्हर ठेवलं. साचेकाकाने एकदा घालून बघितलं, एकदा काढून बघितलं.

“म्हणजे या वर्षी काम नाही,” तो म्हणाला.

“दिसतंय तरी तसंच.”

“संपला म्हणायचा फोन. जेवढा वाढायचा होता तेवढा वाढला.”

“संपला कसा? पंचविशीनंतर माणसाची उंची वाढत नाही, म्हणून त्याला संपला म्हणतोस का तू?”

“मी नाही म्हणत,” साचेकाका म्हणाला. “पण मग शिंपी तेवढे रिकामे बसतात.”

काकाने चहा अर्धाच घेतला.

त्यातल्या त्यात चांगली गोष्ट म्हणजे पोत्यातली कव्हरं आता चालणार होती. मी लेबलं छापायला घेतली. मामा म्हणाला, खोटं नको, दोन्ही मॉडेलांची नावं टाक. मी टाकली. आठवड्याभरात निम्मी पाकिटं परत आली. नवा फोन घेणाऱ्या माणसाला जुन्या फोनचं कव्हर नको होतं. दुकानदार समजावून थकले. शेवटी मी वेगळी लेबलं छापली, अर्ध्यांवर जुनं नाव आणि अर्ध्यांवर नवं. कव्हर तेच, साचाही तोच. पाकिटं खपली.

एक गृहस्थ तर मुद्दाम आमच्याकडे येऊन सांगून गेले, “तुमचं या वेळचं कव्हर मागच्यापेक्षा फार छान बसतं हातात.” ते गेल्यावर मामाने दोन्ही पाकिटांतलं एकेक कव्हर काढून मोजलं. मी म्हटलं, “मामा, अरे आपणच बनवलीत ती.” तो म्हणाला, “माहीत आहे मला. पण त्याच्या हाताला काय कळलं, जे मला कळत नाही?”

इकडे फोन ठरल्याप्रमाणे मामीकडे गेला होता. आठ-दहा दिवसांनी मामी जेवताना म्हणाली, “अहो, या वर्षी नवा फोन आला नाही का? दरवर्षी देता.”

“दिला की. तुझ्या हातात आहे तो.”

मामीने हातातला फोन उलटून बघितला. “हा होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही माझाच पुसून दिलात.”

मी हसले. मामा हसला नाही. त्या दिवसांत तो भेटेल त्याला विचारायचा, तुमचा फोन किती वर्षांचा, नवा का घेत नाही, नवा घेतला तर का घेतला. कुणी म्हणे, जुना चालतोय की. कुणी म्हणे, सवय म्हणून घेतला. एकाने सांगितलं, “फोन आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.” मामाने विचारलं, बिघडतात का? तो म्हणाला, “नाही ना, बिघडतच नाहीत. बदलायचा कसा?” ही तक्रार होती की कौतुक, हे मामाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एका सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात तो नवा फोन, आमचं कव्हर घातलेला. त्या कोर्टात ध्वनिमुद्रित जबाब ऐकून टाइप करायचं काम करतात असं त्यांनी सांगितलं. उजेड-अंधार कळतो, बाकी दिसत नाही. पाकिटावरचा पत्ता कुणाकडून तरी वाचून घेऊन त्या शोधत आल्या होत्या.

“तुमचं कव्हर घातलं की माझा फोन मुका होतो,” त्या म्हणाल्या.

मामा म्हणाला, “आवाजाचं भोक तर उघडं आहे. मी स्वतः मोजलंय.”

“आवाजाचं नाही म्हणत मी. तुम्ही हात पुढे करा बघू.”

त्यांनी कव्हर काढलं आणि फोन मामाच्या तळव्यावर ठेवला. फोनला आमच्या नाक्याचा रस्ता विचारला. मामाला म्हणाल्या, “आता चाला.” मामा दारातून बाहेर पडला, मी मागे. चार पावलांवर तो थांबला.

“डावीकडचा भाग थरथरतोय,” तो म्हणाला.

“मग डावीकडे वळा. उजवीकडे वळायचं असलं की उजवा भाग थरथरतो. पुढे काही आडवं आलं की मधोमध. जुन्या फोनमध्ये अख्खा फोन थरथरायचा, त्यातून काही समजत नसे. आता मी कानात काही न घालता चालते. कान रस्त्यासाठी मोकळे राहतात.”

मग त्यांनी कव्हर घालून फोन पुन्हा त्याच्या हातात दिला. आमच्या कव्हरच्या पाठीला मऊ अस्तर आहे, त्याचा मामाला मोठा अभिमान. त्या अस्तराने सगळी थरथर गिळून टाकली होती.

मामाने सवयीने व्हर्निअर उचललं, फोनजवळ नेलं आणि तसंच खाली ठेवलं. त्यात धरून मोजण्यासारखं काही नव्हतं.

मी दुकानदाराला फोन करून विचारलं, या फोनमध्ये असं काही आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का. तो म्हणाला, “ते होय? लोक म्हणतात उगाच गुरगुरतो, म्हणून आम्ही विकतानाच बंद करून देतो.”

पुढचे तीन आठवडे मामा त्या एका कव्हरमागे लागला. आधी अस्तर सगळंच काढलं, तर फोन हातातून निसटायला लागला. मग पाठीवर दोन बाजूंना दोन खिडक्या कापल्या. बाई दर शनिवारी यायच्या, आमच्या गल्लीत फोन घेऊन फेरी मारायच्या आणि निकाल सांगायच्या. पहिल्या खेपेला डावं कळलं, उजवं नाही. दुसऱ्या खेपेला सगळंच इतकं अंधूक कळलं की त्या सरळ भाजीवाल्याच्या गाड्याला जाऊन भिडल्या. मामाचा चेहरा उतरला. त्याच म्हणाल्या, “असू द्या, भाजी घ्यायचीच होती.” तिसऱ्या वेळी साचेकाकाही आला. तो दोन बोटांनी फोनची पाठ चाचपत राहिला आणि म्हणाला, “याला नवा साचा लागेल.” त्याच्या डोळ्यांत पुन्हा जीव आला होता. पण असं कव्हर किती जणांना लागणार, हे कुणालाच सांगता येईना. मामा म्हणाला, थांब, पुढच्या शनिवारी ठरवू.

पुढच्या शनिवारी बाई आल्या त्या आमचं जुनंच कव्हर घालून. तेच, मऊ अस्तराचं.

“अहो, हे परत का घातलंत?” मामाने विचारलं.

“सवयीने घातलं सकाळी. तर आज यातूनही कळतंय,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी फोनने स्वतःहून काहीतरी उतरवून घेतलं. तेव्हापासून थरथर वाढलीय. माझ्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, असं अधूनमधून होत राहणार.”

मामाने फोन हातात घेतला आणि गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन खुर्चीत बसला. टेबलावर खिडक्यांची तीन कव्हरं पडली होती.

“म्हणजे मंगळवारचा फोन आणि बुधवारचा फोन वेगळा,” तो म्हणाला.

“तसंच म्हणायचं.”

“आणि मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा सारखा.”

बाई हसल्या. “मला विचाराल तर मागचा आणि हा, तेच दोन वेगळे. पण मी तरी पूर्ण कुठे बघितलेत?”

त्या गेल्यावर, ठरवायला म्हणून आलेल्या साचेकाकाने ती तीन कव्हरं एकावर एक रचली. मग त्याने विचारलं, “काय करू? पुढच्या वर्षासाठी पोलाद घेऊन ठेवू की नको?”

मामा म्हणाला, “मला काय विचारतोस? आतापर्यंत मला सगळं कळतंय असं वाटत होतं, कारण जे मोजता येत होतं तेच बदलत होतं.”

“ते झालं. पण पोलादाचं काय?”

“ठेव घेऊन,” मामा म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, “किंवा थांब थोडा.”

त्यानंतर दोन नवे फोन बाजारात येऊन गेले. एकाला जुनं कव्हर बसलं, एकाला केसभर कमी पडलं. साचेकाका आता दाराच्या मुठींचे साचे बनवतो आणि आमचं काम आलं तर तेही करतो. आमची चारातली दोन मशीन बंद असतात. बाकीच्या दोन चालतात, कारण लोक फोन जपून जास्त वर्षं वापरतात आणि कव्हर मात्र फाटतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. कोर्टातल्या बाई अजून येतात, आता काम नसतानाही. गेल्या शनिवारी त्यांनी मामाला विचारलं, “मी नवा घेऊ का हो?” मामाने नवा फोन काढला, मोजला, हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला.

“काय वाटलं?” त्यांनी विचारलं.

“काहीतरी वाटलं खरं,” मामा म्हणाला. “पण ते फोनमुळे की माझा हात म्हातारा झाला म्हणून, ते सांगता येत नाही. तुम्हीच एक फेरी मारून या.”

त्या काठी घेऊन उठल्या आणि मामा त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिला.