फंडाच्या फॉर्मवरचे नाव

मंगळवारी साडेअकरा वाजता कारखान्यात फोन आला. माझे यजमान रस्त्यात पडले होते. मी चलन लिहीत होते, ते तसेच ठेवले आणि रिक्षा केली. चार वाजता डॉक्टरांनी ते गेल्याचे सांगितले. त्यानंतर मी कारखान्यात गेले नाही.

राजीनामा दिला नाही, रजा टाकली नाही. तिथून फोन येत, मी उचलत नसे. कारखाना उद्यमनगरातला, यंत्रांचे सुटे भाग ओतणारा. बाहेर जाणाऱ्या मालाची चलने मी लिहायची. यजमान पूर्वी तिथेच साच्यांच्या खात्यात होते. दम लागू लागला तेव्हा त्यांनी काम सोडले आणि मालकांशी बोलून मला ऑफिसात लावले. ज्या खुर्चीवर त्यांनी बसवले होते, तिथे परत जाऊन बसणे मला जमले नाही. एवढेच कारण. हे कारण कुठल्या अर्जात लिहिता येत नाही, हेही मला कळत होते.

पुढची चार वर्षे मी घरी शिकवण्या घेतल्या. यंदा एकेक मूल राजारामपुरीतल्या क्लासला जाऊ लागले आणि जूनमध्ये माझ्याकडे दोघेच उरले. तेव्हा कारखान्यात पगारातून कापल्या जाणाऱ्या फंडाची आठवण झाली. आठवण आधीही होती. पण तो पैसा मागायला गेले की ती नोकरी आणि तो दिवस, दोन्ही संपल्याचे मान्य केल्यासारखे होईल, म्हणून मी पुढे ढकलत होते.

ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने माझे आधार कार्ड पाहिले, मग स्क्रीन पाहिली, मग पुन्हा कार्ड.

"मावशी, ही दुसरीच बाई हाय की."

मी म्हणाले, ती मीच.

"मला पटलं ओ. पण ह्या यंत्राला कोण पटवणार?"

लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. माझे माहेरचे नाव आणि सासूबाईंचे नाव एकच होते. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, आणि आईच्या नावाने बायकोला हाक मारायची कशी, म्हणून बदलणे भागच होते. यांनी ते नाव आधी कोणालाच सांगितले नव्हते. वाचनालयातून आणलेल्या कुठल्याशा पुस्तकात त्यांना ते सापडले होते. ताटाकडे वाकून बघत चुलतसासरे म्हणाले होते, "हे आमच्या जिभंला झेपायचं न्हाय बाबा." खरोखरच कोणाला झेपले नाही. मी सगळ्यांची सूनबाई झाले, वहिनी झाले, शिकवणीच्या मुलांची बाई झाले. त्या नावाने हाक मारणारे हे एकटेच.

बँक, आधार, पॅन हे सगळे शाळेच्या दाखल्यावरून झाले, म्हणजे माहेरच्या नावाने. कारखान्यातला फंडाचा फॉर्म मात्र यांनी भरला. मी शेजारी उभी होते. नावाच्या रकान्यात त्यांनी सवयीने स्वतः ठेवलेले नाव लिहिले. चूक मला तेव्हाच दिसली. पण छापील कागदावर ते नाव मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मी बोलले नाही.

दुकानदाराने सांगितले की फंडातले नाव आधारप्रमाणे करून घ्यायचे, त्यासाठी एक फॉर्म असतो, त्यावर कंपनीची सही लागते. मी विचारले, उलटे नाही का करता येणार? आधारवरच सासरचे नाव लावले तर? तो म्हणाला, येईल की, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणा. आमचे लग्न नोंदवलेलेच नव्हते. आता नोंदवायचे तर काय करावे लागेल, असे विचारले. साक्षीदार, फोटो, पत्रिका असे सांगत सांगत तो म्हणाला, "आणि दोघांनी सह्या करायला जायचं." मग त्याने माझ्या गळ्याकडे पाहिले आणि उगाच कागद सारखे करत राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. मालक ओळखीचे हसले, पण बसा म्हणाले नाहीत.

"वहिनी, मी तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात आलतो. तवा तरी सांगायचं की, येत न्हाय म्हणून. तीन म्हयनं तुमची खुर्ची रिकामी ठेवली मी."

मी म्हणाले, चुकले.

"चुकलं म्हणून काय हुतंय? तो असता तर त्यानं असं केलं असतं व्हय?"

यांनी तसे केले नसते. खुर्ची रिकामी ठेवली होती हे मला माहीत नव्हते, आणि ते ऐकून रागवावे की रडावे हे कळेना. मालकांनी आधी राजीनामा लिहून मागितला, शेवटच्या हजेरीच्या तारखेचा. मी लिहिला. कारण म्हणून 'घरगुती' असे लिहिले. यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आहे तीच तारीख माझ्या राजीनाम्यावर आली.

मग हिशेबनिसांनी तो फॉर्म पुढे केला. दोन रकाने होते. एकावर छापले होते 'चुकीचे', दुसऱ्यावर 'बरोबर'. चुकीच्या रकान्यात यांनी ठेवलेले नाव मला माझ्या हाताने लिहायचे होते. मी विचारले, 'चुकीचे' खोडून 'आधीचे' असे लिहिले तर चालेल का?

"छापील हाय बाई ते. खाडाखोड केली की परत येतंय."

मी पेन हातात धरून बसले. बाहेर टेंपो लागला होता, कोणीतरी चलनासाठी ओरडत होते. हिशेबनीस घाई करत नव्हते, पण उठूनही जात नव्हते. माझ्यापुढे दुसरा फॉर्म नव्हता, आणि घरी दोनच मुलांची फी येणार होती. मी लिहिले. बरोबरच्या रकान्यात माहेरचे नाव लिहिले आणि खाली सही केली. मालकांनी न वाचता शिक्का मारला. जाताना म्हणाले, चहा घेऊन जावा. मी घेतला.

दुरुस्ती मंजूर व्हायला बरेच दिवस लागले, पैसे त्यानंतर बँकेत आले. घरखर्च चालू आहे. आता माझ्या सगळ्या कागदांवर एकच नाव आहे, लग्नाआधीचे.