केंद्राला कुणी विचारायचं?

आप्पांच्या दारात कुणी काम घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोनती सूचीमा शे?" म्हसावदच्या शाळेत आम्ही दोघं नागरिकशास्त्र शिकवायचो. ते जुने शिक्षक, मी नवखा. संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची शिकवता शिकवता त्यांनी घरही तसंच वाटून टाकलं होतं. जिजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, केंद्र. स्वतः आप्पा राज्य. केळी आणि म्हैस राज्याकडे. तिजोरी आणि शेजाऱ्यांशी युद्ध-तह केंद्राकडे. कुठल्याच सूचीत नसलेलं सगळं घटनेप्रमाणे केंद्राच्या गळ्यात. ओसरीवर मधमाश्यांनी पोळं केलं तेव्हा आप्पा, "हाई कोनतीच सूचीमा नही, म्हनजे तुन्हं," म्हणत दार लावून आत बसले. धूर जिजींनी केला.

वंदना ही त्यांची मुलगी. मला तिच्याशी लग्न करायचं होतं. मी नवापूरकडच्या डोंगरातला, ख्रिस्ती घरातला. ते सपाटीवरचे मोठे शेतकरी. पेपर तपासता तपासता, मान वर न करता, एकदाचं आप्पांना सांगितलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवला.

"विवाह समवर्ती सूचीमा शे, भाऊ. राज्यनी हरकत नही. केंद्रले तू इचार."

केंद्राला मी विचारलंच नाही. जिजी नाही म्हणणार हे धरूनच चाललो. मी गप्प झालेला पाहून आप्पांना वाटलं, नकार मिळाला. "केंद्र कठोर शे," एवढंच म्हणाले आणि पुढे दर हंगामाला माझ्या खोलीवर केळीचा घड पाठवत राहिले. मी ते खात राहिलो. खरं काय ते सांगितलं नाही. वंदना सुरतेला दिली गेली. समवर्ती विषयावर केंद्राचा कायदा नसेल तर राज्याला तो करता येतो, हे मात्र आम्ही दोघंही दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो.

आप्पा गेले, तेव्हा दहाव्याला गेलो. जिजींसमोर बसून सगळं सांगून टाकलं, केळ्यांसकट.  त्या म्हणाल्या की, आधी नाहीच म्हटलं असतं. चार दिवस भांडले असते, आणि मग हो म्हटलं असतं. नवऱ्याने आपल्याला उगाच कठोर ठरवलं, याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

वंदना चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "आनि मन्हं नाव कोनती सूचीमा व्हतं, सर? माले ते कोनीच इचारं नही."

 मी आप्पांच्या फोटोकडे पाहिलं. ताज्या हारातून ते नेहमीसारखेच बघत होते, विषय आपल्या अखत्यारीतला नसल्यासारखे.