मॅडमचा कोर्स मी केला

आमच्या घराण्यात सगळ्यात जास्त वर्षं शाळेत काढली ती मी. झाडायला. नाशिकमधल्या एका शाळेत शिपाई हाय, लायब्ररी माझ्याकडं. पोरं मामा म्हणतात, लायब्ररीच्या मॅडमही मामाच म्हणतात. पुस्तकं मी रंगावरून ओळखतो. एकदा लाल दिसलं म्हणून पाककृतीचं पुस्तक विज्ञानात लावलं, तर त्या कपाटातलं तेच सगळ्यात जास्त गेलं.

यंदा हुकूम आला, सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची, देणंघेणंही त्याच्यावरच. ते शिकायला ऑनलाइन कोर्स. मास्तर नाय, वर्ग नाय. आपल्या सवडीनं व्हिडिओ बघायचे, खालचे प्रश्न सोडवायचे. हेडसरांनी मॅडमना सांगून टाकलं, दिवाळीच्या सुट्टीआधी कोर्स झाला नाही तर लायब्ररी कॉम्प्युटरच्या सरांकडं जाईल, तुम्ही ऑफिसात बसा.

आणि मॅडमची सवड लय सावकाश. व्हिडिओ लावायच्या, थांबवायच्या, लिहून घ्यायच्या, परत मागं न्यायच्या. बारकोडच्या एका धड्यात आठवडा गेला. घाम मला फुटायचा. कारण स्टाफरूममध्ये चहा मीच नेतो, बाकीच्यांचे कोर्स कसे होतात ते मला ठाऊक. आवाज बंद करून व्हिडिओ सोडून द्यायचा, मोबाईल पालथा ठेवायचा आणि पेपर तपासत बसायचं. उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतातच. सर्टिफिकेट आलं की ग्रुपवर टाकायचं, वर सगळ्यांचे अंगठे.

मॅडम भाचीच्या साखरपुड्याला मनमाडला गेल्या, त्या दिवशी मी कॉम्प्युटर पुसायला बसलो. त्यात मॅडमचा कोर्स उघडाच असतो. क्लार्कनं दुसऱ्या शाळेतून उत्तरं मागवून दिली. मला अ ब क ड येतं, तेवढ्यावर भागलं. व्हिडिओ चालू, मी झाडतोय. संपला की झाडू टेकवून पुढचा. शाळा सुटेपर्यंत सगळ्या धड्यांवर हिरव्या खुणा. मॅडमच्या नावाचं सर्टिफिकेट आलं तेव्हा मी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा पास झालो, तेही बाईमाणसाच्या नावानं.

मॅडम आल्या, खुणा बघितल्या आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मला वाटलं, आनंद झाला. तर म्हणतात, माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं, आता परत पहिल्यासारखं कसं करायचं. मी म्हणालो, मशीन हाय, होतं असं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असतो, तिथं नेमकं तेवढंच सुचलं.

सर्टिफिकेट शाळेच्या मेलवरही जातं, तोवर हेडसरांनी ते ग्रुपवर टाकलंही. वर जाहीर केलं, शनिवारी मॅडम सगळ्या शिक्षकांना शिकवतील. मॅडमना येत होतं बारकोडपर्यंत. त्यांनी डबा उघडायचा सोडला. दिवसभर स्वतःलाच बोल लावायच्या, एवढं कसं कळलं नाही मला. आणि मी शेजारी उभा राहून फडकं मारतोय.

शुक्रवारी सांगितलं. आधी एक विनोद केला, तो पडला. मग सरळ सांगितलं, मी केलं म्हणून.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मामा, तुम्हाला वाटलं मला जमणार नाही?"

"नाय मॅडम. वेळ लागेल असं वाटलं."

"तेच ते."

शनिवारी त्यांनी बारकोडपर्यंत दाखवलं, अगदी नीट. मग म्हणाल्या, पुढचं मला येत नाही, सर्टिफिकेट आलंय पण ते माझं नाही. कुणाचं, ते सांगितलं नाही. मी ट्रे धरून दारात. अर्धी स्टाफरूम चहाच्या कपात बघायला लागली. हेडसर हसले. म्हणाले, अहो, कुणाचं खरं असतं? कागद आलाय ना, लायब्ररी तुमचीच.

म्हणजे लायब्ररी राहिली, ती माझ्या लबाडीवर. मॅडमनी ती स्वतः राखली असती, तेवढं समाधान मी त्यांना मिळू दिलं नाही.

आता रोज एकेक धडा बघतात. सगळ्यावर आधीच हिरवी खूण, त्यामुळं धडा संपला तरी पडद्यावर काहीच होत नाय. त्या थोडं थांबतात, मग पुढचा लावतात.  मधल्या सुट्टीत उठतात तेव्हा कॉम्प्युटर पहिल्यासारखाच उघडा ठेवून जातात. बंद करून गेल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.