हज्जा बहियाच्या सात बाळंतिणी

आमच्या गावात हज्जा बहियाला लग्नाचं बोलावणं कधी जात नाही. बायकांच्या मयताला अखेरची आंघोळ घालणारी ती, नवरीसमोर कशाला, असं म्हणतात. आणि घरात कोणी गेलं की ह्याच बायका अनवाणी तिच्या दारी धावतात. एकतीस वर्षं ती हे काम करते. सासूने शिकवलं, साबण आणि कापूर पदरचा. आत जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, हा तिचा नेम. कोणाच्या पाठीवर वळ होते, कोणाच्या दंडाला ताईत होता, सगळं तिच्या पोटात.

म्हणून ती आरोग्य कचेरीचे दोन जिने चढून माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी घाबरलेच. मी तिथे कारकून. डॉक्टरांच्या पदव्या, परवाने, नूतनीकरण, सगळ्या फायली माझ्या ताब्यात.

"मदाम रावया," ती धापा टाकत म्हणाली, "तुमचा तो डॉक्टर तहसीन. थांबवा त्याला."

"काय झालं, हज्जा?"

"दोन वर्षांत सात पोरी आल्या माझ्या हाताखाली. सगळ्या बाळंतिणी, सगळ्या त्याच्याच दवाखान्यातल्या. टाके एकाच हाताचे, पोटं फुगून दगड झालेली. त्या सलवाच्या टाक्यांतून तर कापडी पट्टीचं टोक बाहेर आलेलं. नेम मोडला मी. आता अल्लाला माझं काय करायचं ते करू दे."

लिहिता-वाचता येत नाही तिला. सातही नावं बोटांवर मोजून सांगितली. मी तळमजल्यावर जाऊन मृत्यूच्या नोंदी काढल्या. सातही सापडल्या, आणि सातही नावांपुढे कारण एकच: रक्ताभिसरण अचानक मंदावले. अहो, मरताना कोणाचं मंदावत नाही? खाली सात मृत्यू आणि वर त्याच डॉक्टरचा परवाना. मध्ये फक्त दोन जिने होते. वीस वर्षं मी ते रोज चढते-उतरते, पण खालचं वही-पुस्तक वर आणून कधी बघितलं नाही.

त्याच महिन्यात तहसीनचा परवाना नूतनीकरणाला आला होता. सात नावं फायलीला जोडून मी समितीपुढे ठेवली. समितीत तीन डॉक्टर, आणि तहसीनही शेजारी चहा पीत बसलेला. तासभर त्यांनी काय तपासलं? पदवीवरचा शिक्का, फोटो, दवाखान्याचा नकाशा, आग विझवायचं नळकांडं. किती बायका चालत घरी गेल्या, हा रकानाच त्या फॉर्मात नाही!

शेवटी बहियाला आत बोलावलं.

"शिक्षण काय तुमचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"मग टाक्यांतलं तुम्हाला काय कळतं?"

"तुमची माणसं टाके घालून पाठ फिरवतात. पुढे ते बघायला मीच असते."

तहसीन हसला. "हज्जा, मयताचं झाकणं हे तुमचं काम. तुम्ही तर सगळं चव्हाट्यावर आणलंत. शोभतं का ह्या वयात?"

"मेलीचं झाकायचं असतं, डॉक्टर. मारणाऱ्याचं नाही."

मला वाटलं, आता तरी ह्यांना लाज वाटेल. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, "ह्या बाईंकडे ह्या कामाचा परवाना आहे का?"

नव्हता. असा काही परवाना असतो हेच गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

निर्णय झाला. तहसीनची कागदपत्रं पूर्ण, परवाना पाच वर्षं पुढे. बहियाने विनापरवाना काम ताबडतोब बंद करावं. दोन्ही कागदांवर शिक्का मीच मारला. हात कसा झडला नाही माझा!

नोटीस वाचून दाखवायला मी तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यात मुलुखियाच्या पालेभाजीची पानं खुडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या कचेरीने थांबवलं ते मला," ती म्हणाली.

"माझ्या हातात काय होतं, हज्जा?"

"तुझी भाची इनास तहसीनकडेच जायची ना? कुठे झाली बाळंत?"

मी खाली बघितलं. "तांता शहरात. मोठ्या इस्पितळात."

"तिकडे कधी हलवलीस तिला?"

"तुम्ही कचेरीत आलात, त्याच संध्याकाळी."

"म्हणजे तुला माझं पटलं होतं." तिने पानांची परात बाजूला सारली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "शिक्का मारलास तेव्हाही पटलेलंच होतं. इनासला मावशी होती, रावया. बाकीच्या पोरींना कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला गेले नाही. तहसीनच्या दवाखान्याबाहेर बाकांवर अकरा पोटुश्या बायका नंबर लावून बसल्या होत्या. मी त्यांच्यात जागा करून बसले आणि शेजारणीला त्या सात जणींतलं पहिलं नाव सांगितलं, सलवा.